एलएमएस आहे, ॲपही येऊ घातलं आहे, तरी वापर होत नाही. सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठाने दोन वर्षांपूर्वी एलएमएस, म्हणजे अभ्याससाहित्य, चाचण्या आणि गुण एका जागी ठेवणारी ऑनलाइन प्रणाली, बसवली. प्रशिक्षणं झाली, परिपत्रकं निघाली. तरी प्राध्यापक तिथे पीडीएफ चढवतात आणि थांबतात. विद्यार्थी त्या उतरवून घेतात आणि व्हॉट्सॲपच्या गटात फिरवतात. आता वरून सूचना आली आहे की विद्यार्थी मोबाइलवरच असतात, तेव्हा विद्यापीठाचं स्वतःचं ॲप काढा. हे काम तुमच्या गळ्यात पडलं आहे आणि तुम्ही विचारताय, पहिलं पाऊल कोणतं?

पहिलं पाऊल परीक्षा विभागात. ॲपवाल्या कंपनीच्या सादरीकरणाला नंतर बसा.

हे विचित्र वाटेल म्हणून जरा उलगडून सांगते. मी १८ वर्षं विद्यापीठांच्या अध्यापन-तंत्रज्ञान कक्षांत काम करते आहे. दोनदा एलएमएस शून्यापासून उभी केली, एकदा चालू असलेली काढून दुसरी आणली (ते काम वैऱ्यावरही येऊ नये). तिन्ही वेळा सॉफ्टवेअर बऱ्यापैकी चाललं आणि गाडं अडलं ते गुणतक्त्यापाशी.

पीडीएफ टाकून थांबणाऱ्या प्राध्यापकाला आळशी म्हणायचा मोह होतो. मला तो हिशेबी वाटतो. फ्रेड डेव्हिस या संशोधकाने १९८९ मध्ये संगणकाच्या वापराबद्दल एक साधी मांडणी केली: माणूस नवं तंत्रज्ञान उचलतो ते दोन गोष्टी तोलून. याचा माझ्या कामाला उपयोग किती, आणि ते वापरायला सोपं किती. डेव्हिस यांच्या अभ्यासात प्रत्यक्ष वापराशी उपयोगाचं नातं सोपेपणापेक्षा घट्ट निघालं. आपली प्रशिक्षणं मात्र सगळी सोपेपणाची असतात: इथे क्लिक करा, ही फाइल ओढा, हे बटण दाबा. उपयोगाबद्दल चकार शब्द नाही. समोर बसलेला प्राध्यापक तेवढ्यात मनातल्या मनात गणित मांडून मोकळा होतो. ऑनलाइन चाचणी घेतली, गुण तिथे आपोआप आले. पण परीक्षा विभाग अंतर्गत गुण मागतो ते त्याच्या ठरलेल्या तक्त्यात, आसन क्रमांकाच्या क्रमाने, सहीनिशी. म्हणजे एलएमएसमधले गुण काढा, क्रम बदला, पुन्हा भरा, पुन्हा ताडून पाहा. वर्ग मोठा असेल तर एक अख्खी संध्याकाळ गेली. चाचणी कागदावर घेतली असती तर हे दुहेरी काम टळलं असतं.

मला हे कळायला दीड वर्ष लागलं. आम्ही प्रशिक्षणांवर प्रशिक्षणं घेत होतो. उपस्थिती चांगली, अभिप्राय त्याहून चांगले, आणि वापर जिथल्या तिथे. शेवटी सांख्यिकीच्या एका ज्येष्ठ बाईंनी मला त्यांच्या खोलीत बसवलं आणि दोन तक्ते शेजारी शेजारी ठेवले. एलएमएसचा तक्ता आडनावांनी लावलेला, परीक्षा विभागाचा आसन क्रमांकांनी. एकीकडे गैरहजर म्हणजे कोरी चौकट, दुसरीकडे तिथे ठराविक अक्षरं लिहायची. एकीकडे साडेसात गुण चालतात, दुसरीकडे अपूर्णांक चालत नाही. "तुमचं मशीन माझं काम कमी करत नाही, माझं काम तपासायला लावतं," त्या म्हणाल्या. त्यानंतर मी प्रशिक्षणाचं वेळापत्रक गुंडाळून ठेवलं आणि परीक्षा विभागात जाऊन बसले.

तिथे काय विचारायचं ते सांगते. अंतर्गत गुण कोणत्या स्वरूपात येतात, कोणत्या तारखेपर्यंत, कोणाच्या सहीने? गैरहजर, आजारी, पुनर्परीक्षार्थी यांच्या नोंदी कशा होतात? गुण बदलायचे झाले तर मंजुरी कोणाची? उत्तरपत्रिका किती काळ जपून ठेवायच्या, आणि ऑनलाइन उत्तरांना तोच नियम लागू होतो का? मग तुमच्या तांत्रिक माणसाकडून एलएमएसचा गुणतक्ता अगदी त्याच साच्यात, त्याच क्रमाने बाहेर पडेल असं करून घ्या. काम बहुधा आठवड्याभराचं असतं. पण तो छापील तक्ता विभागप्रमुखाच्या सहीने ग्राह्य धरला जाईल, असा लेखी ठराव मिळवायला महिने लागू शकतात. म्हणूनच तिथून सुरुवात करा. मला सात महिने लागले होते. त्यानंतरच्या सत्रात, एकही नवं प्रशिक्षण न घेता, चाचण्यांची संख्या आपोआप वाढली.

दुसरी गोष्ट याहून कंटाळवाणी, पण टाळता न येणारी: नावांच्या याद्या. सत्राच्या पहिल्या सोमवारी विद्यार्थ्याने लॉगिन केलं आणि त्याला त्याचेच विषय, त्याचीच तुकडी दिसली, तर निम्मी लढाई जिंकली. बहुतेक ठिकाणी तसं होत नाही. प्रवेश अजून चालू असतात, वैकल्पिक विषय तिसऱ्या आठवड्यापर्यंत बदलत असतात, नापास होऊन परत बसलेले विद्यार्थी कुठल्याच यादीत नसतात, आणि एक प्राध्यापक रजेवर गेल्यावर त्याच्या जागी आलेल्याला कोणी हक्कच देत नाही. याद्या हाताने चढवत असाल तर सहाव्या आठवड्यातही त्या चुकीच्या असतील. प्रवेशाची जी मूळ प्रणाली आहे तिच्याशी एलएमएस रोज रात्री आपोआप जुळली पाहिजे. विषयाची पानं सत्राच्या दोन आठवडे आधी आपोआप उघडली पाहिजेत. प्राध्यापकाने अर्ज करून 'माझ्या विषयाचं पान द्या' म्हणायची वेळ येता कामा नये. आणि लॉगिन एकच हवं: ईमेल, ग्रंथालय, एलएमएस, सगळ्याला एक. पासवर्ड विसरला म्हणून येणारे फोन मोजा. मी मोजले तेव्हा पहिल्या महिन्यातलं मदत कक्षाचं बहुतेक काम तेवढंच होतं.

आता मोबाइल. वरच्या लोकांचं निरीक्षण बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला आहे. विद्यार्थी मोबाइलवर आहेत, हे खरं. पण म्हणून विद्यापीठाने स्वतःचं ॲप बनवून घ्यावं, हे त्यातून निघत नाही. स्वतःचं ॲप म्हणजे जन्मभराचा संसार. दोन प्रकारचे फोन, दोन स्टोअर, दरवर्षी बदलणारी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि दर बदलानंतर काहीतरी मोडणं. बनवणारी कंपनी वर्षभराने दुसऱ्या कामाला लागते आणि मग ते ॲप गावाबाहेरच्या ओसाड वाड्यासारखं उभं राहतं. बऱ्याच एलएमएसना स्वतःचं तयार ॲप असतं. मूडलचं उदाहरण घ्या: मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलेली ही मुक्त प्रणाली २००२ मध्ये आली आणि आज तिच्या ॲपमध्ये मजकूर आधी उतरवून घेऊन नेट नसताना वाचता येतो, शिक्षकाने परवानगी दिली असेल तर काही चाचण्याही ऑफलाइन सोडवता येतात. तुमच्या प्रणालीत अशी काय सोय आहे ते आधी पाहा. माझा अंदाज, ती आहे आणि कोणी चालूच केलेली नाही.

ॲपचा निर्णय व्हायच्या आधी एक प्रयोग मात्र कराच. तीन वर्षं जुना, कमी मेमरीचा, काच तडकलेला फोन मिळवा. विद्यापीठाचं वायफाय बंद करा. इमारतीच्या बाहेर उभं राहून मोबाइल डेटावर एका विषयाचं पान उघडा आणि एक गृहपाठ जमा करून दाखवा. जमल्यास संगणक केंद्राच्या प्रमुखांनाच करायला सांगा, तुम्ही शेजारी गप्प उभ्या राहा. मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा जे दिसलं ते कुठल्याही सादरीकरणात नव्हतं. स्कॅन केलेल्या पीडीएफची अक्षरं बोटांनी मोठी करावी लागत होती आणि ओळ वाचायला पान डावीकडून उजवीकडे ढकलावं लागत होतं. जोड्या लावायच्या प्रश्नात उत्तर ओढायला गेलं की पानच सरकत होतं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे फोटो. हाताने लिहिलेल्या उत्तराचा फोटो काढायला कॅमेरा उघडला, की कमी मेमरीचा फोन मागचा ब्राउझर बंद करून टाकतो. परत आलं की पान नव्याने उघडतं, कधी लॉगिनसकट. विद्यार्थी म्हणतो "माझं उत्तर गेलं", प्राध्यापक म्हणतो "बहाणे नकोत", आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतात. यावरचा उपाय तांत्रिक कमी आणि नियमाचा जास्त आहे. लिहायची वेळ आणि चढवायची वेळ वेगळी ठेवा. फोटो आधी काढून मग पान उघडायला शिकवा. सगळी पानं एका फाइलमध्ये जोडून, आकार कमी करून द्यायची सवय पहिल्याच आठवड्यात बिनगुणांच्या गृहपाठावर लावा. परीक्षेच्या दिवशी ही कसरत पहिल्यांदा करायला लावणं हा अन्याय आहे.

डेटाचा हिशेबही एकदा कागदावर मांडा, कारण प्राध्यापकांना तो दिसत नाही. ते बहुधा कार्यालयातल्या जोडणीवर असतात. एका तासाचं व्याख्यान व्हिडिओ म्हणून सेकंदाला ५०० किलोबिट वेगाने साठवलं तर ते २२५ मेगाबाइट होतं. तेच व्याख्यान फक्त आवाज म्हणून ३२ किलोबिटने साठवलं तर १४.४ मेगाबाइट. बोलणं त्या दर्जात स्वच्छ ऐकू येतं. फळ्यावर आकृती काढायची नसेल, समीकरण सोडवायचं नसेल, तर तासभर माणसाचा चेहरा पाठवून विद्यार्थ्याचा डेटा का जाळायचा? आवाज, सोबत दहा-बारा स्लाइड आणि खाली लिखित मजकूर, एवढ्याने बहुतेक विषयांचं काम भागतं. लिखित मजकूर असला की शोधता येतो, आणि ज्याला ऐकू येत नाही त्यालाही वाचता येतो.

व्हिडिओ सहा मिनिटांचाच हवा, असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. त्या आकड्याचं मूळ सांगून ठेवते. फिलिप गुओ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतली व्हिडिओ पाहण्याची ६९ लाख सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो सलग पाहण्याचा मध्यक सहा मिनिटांच्या वर जात नव्हता. अभ्यास उत्तम आहे. पण ती मंडळी खुल्या अभ्यासक्रमाला स्वखुशीने आलेली होती, कधीही उठून जायला मोकळी. अमेरिकेतल्या एमआयटीच्या २०१२ मधल्या अशा पहिल्या खुल्या अभ्यासक्रमात जवळपास १,५५,००० जणांनी नोंदणी केली आणि प्रमाणपत्रापर्यंत ७,१५७ पोचले, हे लक्षात घ्या. तुमचा विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री दीड तासाचं व्याख्यानही दुप्पट वेगाने बघतो. तेव्हा व्हिडिओचे तुकडे जरूर करा, पण ते एकेका संकल्पनेवर तोडा, घड्याळावर नको. प्रत्येक तुकड्याला शोधता येईल असं नाव द्या. 'व्याख्यान ७ भाग ३' या नावाचा कोणाला काय उपयोग?

मग एलएमएसमध्ये नेमकं करायचं काय? माझं उत्तर अगदी एकसुरी आहे: दर आठवड्याला एक छोटी चाचणी. पाच प्रश्न, दहा मिनिटं, थोडेसेच गुण, चुकलं तर लगेच का चुकलं ते समोर. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगांत, पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवलं. पण आठवड्याने विचारलं तेव्हा वाचून झाल्यावर स्वतःला तपासणारे पुढे होते. उजळणीपेक्षा आठवून पाहणं टिकतं. हे प्रत्येक शिक्षकाला अनुभवाने माहीत असतं. मोठ्या वर्गाच्या दर आठवड्याला वह्या तपासणं शक्य नसतं म्हणून ते होत नाही. यंत्र नेमकं तेवढंच फुकट करून देतं. मोबाइलवरही हे चांगलं चालतं: छोटं, बोटाने निवडायचं, अर्धवट राहिलं तर पुन्हा उघडता येणारं.

पण प्रश्न येणार कुठून? इथे भले भले उपक्रम बुडतात, म्हणून गणित करून दाखवते. १४ आठवडे, आठवड्याला ५ प्रश्न, म्हणजे ७०. शेजाऱ्याचं पाहून उत्तर देता येऊ नये म्हणून प्रत्येकाच्या तीन आवृत्त्या धरा: २१०. बरा प्रश्न, चुकीच्या पर्यायांमागचं कारण आणि लेखी स्पष्टीकरण यांना माझ्या अनुभवात पंधरा मिनिटं सहज लागतात. म्हणजे साडेबावन्न तास. एका प्राध्यापकाकडून एका सत्रात हे अपेक्षित धरणं म्हणजे आडात नसताना पोहऱ्यात शोधणं. तोच विषय चार जण शिकवत असतील तर माणशी तेरा तास. सुट्टीत दोन दिवस बसून होतात, आणि पुढची काही वर्षं पुरतात. म्हणून प्रश्नपेढी व्यक्तीची नको, विभागाची असू द्या. आणि ते तेरा तास कार्यभारात लेखी धरले जाऊ द्या. प्रेमापोटी केलेलं काम एक सत्र चालतं, दुसऱ्या सत्रात पदोन्नतीचे अर्ज भरायचे असतात.

ऑनलाइन चर्चामंचांबद्दल फार लिहीत नाही. बहुतेक मरतात. 'यावर आपलं मत मांडा' असं सांगितलं की साठ जण एकच मत मांडतात. परीक्षेच्या आधीच्या दोन आठवड्यांत निनावी शंका विचारायची सोय ठेवा, ती मात्र ओसंडून वाहते.

सुरुवात कोणत्या विभागापासून? सहसा उत्साही मंडळींपासून केली जाते आणि तिथेच फसगत होते. एव्हरेट रॉजर्स या समाजशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये नवी गोष्ट स्वीकारणाऱ्यांचे गट पाडले, त्यात अगदी आघाडीचे अडीच टक्के आणि त्यांच्या पाठोपाठचे साडेतेरा टक्के. हे लोक तुम्ही काहीही दिलं तरी करून दाखवतील. दगडातूनही पाणी काढतील. पण त्यांचं कौतुक करणारा कार्यक्रम ठेवला की उरलेले म्हणतात, "त्यांना वेळ असतो." आणि खरोखर, त्यांनी रात्री जागून जे केलं ते दुसऱ्याला तसंच करता येत नाही. त्याऐवजी पहिल्या वर्षाचा एक मोठा, रूक्ष, अनेक तुकड्यांत शिकवला जाणारा विषय निवडा. तिथे तपासणीचं ओझं सगळ्यात जास्त असतं, म्हणून उपयोग लगेच जाणवतो. शिवाय त्या समितीत एक कुरकुरणारी पण सगळे मान देतात अशी व्यक्ती असू द्या. ती "ठीक आहे, चालतं" एवढं म्हणाली की तुमच्या दहा कार्यशाळांचं काम होतं. आमच्याकडे ते त्या सांख्यिकीच्या बाईंनी केलं. त्यांनी कधीही एलएमएसची स्तुती केली नाही. फक्त गुणतक्ता शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी दिला, आणि ही बातमी मजल्यावर फिरली.

प्रशिक्षणाबद्दल एकच. सभागृहातलं दिवसभराचं बंद करा. प्राध्यापकाच्या टेबलाशी जा, त्याच्याच विषयाच्या पानावर, वीस मिनिटं. उठताना त्याची पुढच्या आठवड्याची चाचणी तयार झालेली असली पाहिजे. सत्राच्या पहिल्या तीन आठवड्यांत तुमचा एक माणूस फक्त याच कामाला मोकळा ठेवा आणि त्याचा फोन लागला पाहिजे. 'तक्रार नोंदवा, दोन दिवसांत उत्तर मिळेल' ही पाटी वर्गात अडकलेल्या माणसाच्या काय कामाची?

मोठ्या परीक्षांचं वेगळं सांगावं लागेल. सगळ्यांची चाचणी ठीक दहा वाजता सुरू होईल असं ठेवलं की दहा वाजता हजारो जण एकाच क्षणी एकच बटण दाबतात आणि सर्व्हर आडवा होतो. साधारण दिवसाच्या गर्दीवरून त्या क्षणाचा अंदाज येत नाही. तुकड्यांना दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सुरू करा, किंवा 'या चार तासांत केव्हाही चाळीस मिनिटं' अशी खिडकी द्या. उत्तरं आपोआप जतन होतात की नाही ते परीक्षेच्या आधी वीज घालवून पाहा. परीक्षेच्या पंधरवड्यात प्रणालीत कोणताही बदल करायचा नाही, कंपनी कितीही म्हणो. सर्व्हर पडला तर कोण, किती मिनिटांनी, काय जाहीर करणार, हे एका पानावर लिहून परीक्षा विभागाची त्यावर सही घ्या. आमचा सर्व्हर एकदा पडला तेव्हा ते पान नव्हतं. पाच जणांनी पाच वेगळ्या सूचना दिल्या आणि शेवटी दोन वेळा परीक्षा घ्यावी लागली.

याच सुमारास तुम्हाला कॅमेऱ्याने पहारा देणारी आणि 'हे एआयने लिहिलं आहे' असं ओळखणारी सॉफ्टवेअर विकायला लोक येतील. दुसऱ्या प्रकारापासून लांब राहा. ओपनएआयने स्वतःचं असं ओळखयंत्र जुलै २०२३ मध्ये, अचूकता कमी म्हणून, मागे घेतलं. चॅटजीपीटी बनवणाऱ्यांना जे जमलं नाही त्याच्या भरवशावर एखाद्या मुलाला नापास करणार? घरी करायच्या कामाला कमी गुण, वर्गात किंवा तोंडी दोन मिनिटं 'हे कसं केलंस ते सांग' याला जास्त, असा बदल जास्त उपयोगी आणि स्वस्तही.

दिव्यांग विद्यार्थ्यांचा विचार शेवटी करायची सवय आपल्याला आहे, आणि मग सगळं उकरून पुन्हा करावं लागतं. डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या निकषांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. तिच्या मधल्या पातळीनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी रंगभेद किमान ४.५ ला १ हवा आणि दाबायची बटणं किमान २४ बाय २४ पिक्सेलची हवीत. पण आकड्यांच्या आधी एक साधी गोष्ट: स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे चित्र. अंध विद्यार्थ्याचं वाचक सॉफ्टवेअर तिच्यापुढे गप्प बसतं. मूळ टाइप केलेली फाइल चढवा, एवढा एकच नियम पाळला तरी अंध विद्यार्थ्याचं आणि मोबाइलवाल्याचं, दोघांचं काम एकदम होतं.

करार करणाऱ्यांना एक प्रश्न तुमच्या वतीने विचारायला सांगा: उद्या आम्ही तुम्हाला सोडलं तर आमचं काय काय, कोणत्या स्वरूपात परत मिळेल? प्रश्नपेढी क्यूटीआयसारख्या, म्हणजे कुठल्याही प्रणालीला वाचता येणाऱ्या, सर्वमान्य साच्यात बाहेर पडते का? बाहेरची साधनं एलटीआयने, म्हणजे एलएमएसला दुसरं सॉफ्टवेअर जोडायच्या ठरलेल्या पद्धतीने, जोडता येतात का? एलटीआय हे मानक २०१० पासून आहे आणि ज्याला ते येत नाही त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. एलएमएस बदलायचं जे काम मी केलं, त्यात हजारो प्रश्न हाताने पुन्हा टाकावे लागले, कारण जुन्या करारात हे वाक्य नव्हतं. विद्यार्थ्यांच्या नोंदी कोण पाहू शकतो आणि त्या केव्हा पुसल्या जातात, तेही त्यातच लिहून घ्या.

यश मोजायचं कशावर, हे तुम्हाला पहिल्या बैठकीत विचारलं जाईल. लॉगिनची संख्या सांगू नका. पीडीएफ उतरवायलाही लॉगिन लागतं. आणि प्राध्यापकांच्या लॉगिनची यादी सूचना फलकावर लावली, की दुसऱ्या दिवसापासून सगळे सकाळी लॉगिन करून खिडकी बंद करतात. मी पाहिलं आहे. मी दोनच आकडे देते. सत्राच्या पहिल्या तीन आठवड्यांत किती विषयांत निदान एक गुण असलेली कृती झाली? आणि दुसऱ्या आठवड्याअखेर एकदाही न आलेले विद्यार्थी किती, त्यांपैकी किती जणांना कोणीतरी फोन केला? दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तेवढ्या फोनांतून कळतं की एकाकडे फोनच नाही, दुसऱ्याचं नाव यादीत चुकलं आहे, तिसरी सोडून जायच्या बेतात आहे.

वरिष्ठांना ॲपबद्दल सरळ नाही म्हणू नका, तारीख द्या. 'या सत्रात एलएमएसच्याच तयार ॲपची ऑफलाइन सोय आणि सूचना चालू करून एका विषयावर पाहतो, सत्र संपल्यावर आकडे घेऊन येतो.' सूचनांवर मात्र नजर ठेवा: प्रत्येक फाइल चढली की फोन वाजतो, अशीच मूळ मांडणी असू शकते. आठवड्याने विद्यार्थी सगळ्याच सूचना बंद करून टाकतात, परीक्षेच्या सूचनेसकट. मुदत, गुण आणि वर्ग रद्द, एवढ्याच तीन ठेवा.

राहिले व्हॉट्सॲपचे गट. ते बंद करायला जाऊ नका, होणार नाहीत, आणि प्राध्यापकांनाही तिथे बरं वाटतं. फक्त एवढं पाळा: गटात फाइल टाकायची नाही, एलएमएसवरच्या त्या पानाचा दुवा टाकायचा. दुवा उघडल्यावर पुन्हा लॉगिन मागत असेल तर हा नियम दोन दिवस टिकणार नाही, म्हणून फोनवरचं लॉगिन सत्रभर कायम राहील असं आधी करून घ्या. संगणक केंद्र सुरक्षेचं कारण देईल. गुण बदलण्यासाठी आणि परीक्षेसाठी पुन्हा पासवर्ड विचारा, वाचण्यासाठी विचारू नका, या तडजोडीवर ते बहुधा राजी होतात.